मनाई नव्हती

ती पुस्तिका मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते,
वाळलेल्या नाळेच्या तुकड्याशेजारी.
चिहायाचं लहानपण तीत शिक्क्याशिक्क्यांनी उमटलंय:
गोवर, डांग्या खोकला, धनुर्वात.
प्रत्येक शिक्का थोडा तिरका,
कारण प्रत्येक वेळी ती हलली.
पान सव्वीस तेवढं स्वच्छ.
तिथं कुणी हललंच नाही.

ती तेरा वर्षांची होती. वसंतात पाकीट आलं,
फिकट हिरवं, नगरपालिकेचं.
मी ते फ्रिजवर लावलं, दंतवैद्याच्या तारखेखाली.
मग टीव्हीवर ती मुलगी दिसली,
गणवेशात, चाकाच्या खुर्चीत,
गुडघे आपले आपणच थरथरणारे,
आणि खुर्ची ढकलणारी आई,
कोटाचं एक बटण चुकीच्या काजात.
ते बटण मला अजून आठवतं.
आकडेही कुणी सांगितले असतील.

जूनमध्ये दुसरं पत्र. त्यात हे वाक्य:
सध्या आम्ही आग्रहाने शिफारस करत नाही,
मात्र इच्छा असल्यास लस घेता येईल.
व्याकरणात चूक नव्हती.
दार लावलेलं नाही, उघडंही नाही,
आणि उंबऱ्यावर मी, मुलीचा हात धरून.

लोक म्हणतात, घाबरलात तुम्ही.
घाबरले असते तर ओरडले असते,
कुणाला तरी गाठून विचारलं असतं.
हे त्याहून मऊ होतं.
केल्याचा दोष लागतो, न केल्याचा कुणी देत नाही,
एवढा हिशेब खोकी भरणाऱ्या बाईलाही येतो.
पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं,
हिवाळ्यात त्यावर गॅसची बिलं पडली.

दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात.
मी नऊ वर्षं फुंकत बसले
दुसऱ्या कुणाच्या तरी पोळलेल्या जिभेसाठी.

मधे तोमिए गेली, तोफूच्या दुकानातली. एकेचाळिशीत.
तिचा नवरा शेवटपर्यंत ‘पोटाचं दुखणं’ म्हणायचा.
आजारालाच नाव नाही तिथं
लशीचं नाव कोण काढणार?

मग नवं पत्र: आता पुन्हा शिफारस करतो,
राहून गेलेल्यांना विनामूल्य.
राहून गेलेल्या.
जशा काही मुली फलाटावर स्वतःच रेंगाळल्या होत्या.

मी ते पत्र दोन दिवस उशाशी ठेवलं.
तिसऱ्या दिवशी मात्सुएहून तिचाच फोन,
चष्म्याच्या दुकानातून, जेवणाच्या सुट्टीत:
आई, पान सव्विसाचा फोटो पाठव.
रागावलेली नाहीये. फक्त फोटो.

नोव्हेंबरात ती घरी आली, तिसऱ्या डोसाला.
आदल्या रात्री आम्ही पर्सिमन सोलत होतो,
शेजारची कानाए मदतीला.
सुरी न थांबवता ती म्हणाली,
आमच्या नोझोमीला मी तेव्हाच नेलं होतं, तिन्ही वेळा.
हात दुखला दोन दिवस. बाकी काही नाही.
चोरी कबूल करावी तसा आवाज.
मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?
सालीची लांब पट्टी तिच्या मांडीवर उतरत राहिली.
तू विचारलं नाहीस, म्हणाली.

डॉक्टर इशिगुरो आता फार हळू बोलतात.
उशीर झाला का, मी विचारलं.
तेराव्या वर्षी मिळाला असता तेवढा फायदा नाही, म्हणाले,
पण अजिबात नाही असंही नाही.
तेच ते नाही-नाहीचं वाक्य,
फक्त या वेळी कुणीतरी माझ्याकडे बघून बोललेलं.
आणि नंतरची तपासणी चुकवायची नाही,
हे त्यांनी चिहायाला दोनदा बजावलं.

ताप? नर्सनं विचारलं.
छत्तीस पूर्णांक चार, मी सवयीनं म्हणाले.
छत्तीस पूर्णांक सात, चिहाया म्हणाली,
मोजून आलेली.
पालकाच्या सहीची ओळ आता लागत नव्हती.
तरी माझा हात पेनाकडे गेला,
टेबल हललं,
आणि पान सव्विसावर तिसरा शिक्का
तिरका पडला.
ती हलली नव्हती.
माझा धक्का लागला.